मल्लविद्येतील न्याय आणि वजनगटाचा नियम : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कुस्ती हे केवळ करमणुकीचे साधन नव्हते. गावची तालीम, जत्रेतील मैदान आणि संस्थानिकांचा आश्रय यांतून येथील मल्लविद्या घडली. दोन मल्लांची लढत न्याय्य केव्हा मानावी, हा प्रश्न या परंपरेत प्रारंभापासून आहे. आधुनिक क्रीडाव्यवस्थेने त्याचे उत्तर वजनगटाच्या रूपाने दिले. या उत्तराने कोणता अन्याय दूर झाला व कोणता शिल्लक राहिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जोड जमविण्याची परंपरा

पारंपरिक मैदानात मल्लाला तराजूवर उभे करण्याची प्रथा नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील जत्रा असो वा विदर्भातील आमदंगल, जोड जमविण्याचे काम वस्ताद व पंच करीत. अंगकाठी, वय, तयारी आणि पूर्वीच्या कुस्त्यांचा लौकिक पाहून दोघांना समोरासमोर उभे केले जाई. लहान मुलांच्या कुस्त्यांनी आरंभ होई आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीने मैदानाची सांगता होई. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात उभे राहिलेले खासबाग मैदान हे या परंपरेचे वैभवशाली रूप होय.

या पद्धतीत केवळ वजन नव्हे, तर मल्लाची तयारीही जोखली जाई, हा तिचा गुण होता. परंतु निर्णय सर्वस्वी जाणत्यांच्या नजरेवर अवलंबून असे. नजर चुकली अथवा पक्षपाती ठरली, तर मल्लाला दाद मागण्यास लेखी नियमाचा आधार नव्हता. शिवाय लहान चणीच्या मल्लाच्या वाट्याला अखेरची मानाची कुस्ती क्वचितच येई.

वजनगटाचा उदय

आधुनिक ऑलिंपिकमध्येही प्रारंभी वजनगट नव्हते. १८९६ च्या अथेन्स स्पर्धेत कुस्तीचा एकच खुला गट होता व त्यात जर्मनीचा कार्ल शूमान हा लहान चणीचा जिम्नॅस्ट विजयी झाला. मात्र अशा अपवादावर नियम उभा राहत नाही. १९०४ च्या सेंट लुईस स्पर्धेत कुस्तीचे सात वजनगट करण्यात आले आणि पुढे ही पद्धत रूढ झाली.

महाराष्ट्राला या नियमाचे मोल खाशाबा जाधव यांच्यामुळे कळले. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. वजनगट नसते, तर ५७ किलोच्या मल्लाला जागतिक स्पर्धेत महाकाय प्रतिस्पर्ध्यांशीच झुंजावे लागले असते.

गदेचा मान

पदकाची वाट मोकळी झाली, तरी लोकमानसातील प्रतिष्ठेची वाट तशी मोकळी झाली नाही. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात विविध वजनगटांच्या लढती होतात. परंतु चांदीच्या गदेसाठीचा गट वरच्या वजनाचा, अलीकडच्या काळात ८६ ते १२५ किलोचा, राहिला आहे. परिणामी, खाशाबांच्या वजनाच्या मल्लाला या गदेसाठी उतरताच येत नाही. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. तरीही महाराष्ट्र केसरीचा किताब त्यांच्या वजनापलीकडचाच राहिला. जागतिक स्पर्धेतील ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही, ही बाबही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. गटांच्या सीमा कोठे आखाव्यात, हा निर्णयही अखेर माणसांचाच असतो.

तराजूपुढील प्रश्न

वजनगटामुळे एक नवी अडचणही निर्माण झाली. खालच्या गटात उतरून लाभ मिळावा म्हणून मल्ल अन्नपाणी तोडून वजन घटवू लागले. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशा प्रयत्नात तीन महाविद्यालयीन मल्ल मृत्युमुखी पडले व तेथील नियम बदलावे लागले. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन्ही दिवशी सकाळी वजन घेण्याची पद्धत आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरल्या. त्या अपात्र ठरून शेवटच्या क्रमांकावर गेल्या आणि क्रीडा लवादानेही त्यांचे अपील फेटाळले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत यांनी रात्रीतून सुमारे साडेचार किलो वजन उतरवून ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. एकाच नियमाची ही दोन फळे होत. नियम दोघांनाही समान होता. परंतु त्याने शरीराकडून मागितलेली किंमत न्याय्य होती काय, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष

१. वस्तादाच्या नजरेची जागा तराजूने घेतल्याने पक्षपाताला आळा बसला व लहान चणीच्या मल्लाला जागतिक व्यासपीठ मिळाले.

२. वजनाची समानता म्हणजे संपूर्ण समानता नव्हे. आहार, प्रशिक्षण व आर्थिक आधार यांतील तफावत तराजूवर दिसत नाही. प्राचार्य खर्डेकरांना घर गहाण ठेवावे लागले, हाच त्याचा पुरावा होय.

३. सर्वोच्च लौकिक वजनदार मल्लांसाठीच राखून ठेवल्यास हलक्या गटांतील गुणवत्ता उपेक्षित राहते. त्या गटांनाही तोलामोलाचा मान व इनाम मिळणे आवश्यक आहे.

४. अल्लीपूरसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थी जेव्हा आंतरमहाविद्यालयीन कुस्तीत उतरतो, तेव्हा त्याचा गट पदकाच्या सोयीने न ठरविता त्याच्या प्रकृतीनुसार ठरविणे, ही महाविद्यालयाची जबाबदारी ठरते. तराजू वजन सांगतो. मुलाची तब्येत ओळखणारी वस्तादाची जुनी नजर तेथे आजही हवी आहे.