पद्मालयाची टेकडी आणि खालची गावे

एरंडोलहून आग्नेयेस सुमारे दहा किलोमीटर गेले म्हणजे खानदेशची काळी, सपाट जमीन संपते आणि ठेंगण्या, खडकाळ टेकड्या लागतात. तेथेच पद्मालय आहे. एक तळे, त्यात कमळे, काठी गणपतीचे देऊळ आणि भोवती थोडीशी वस्ती, एवढाच त्याचा पसारा. देवळात उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती आहेत. गावाचे नाव मात्र तळ्याने दिले.

एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, शहरातील पांडववाडा हे पांडवांचे बिऱ्हाड आणि बकासुराचे ठाणे या टेकड्यांत, अशी समजूत या भागात आहे. जवळचे भीमकुंडही तिचीच साक्ष म्हणून दाखवितात. एकचक्रेचा मान बिहारातील आरा हे शहरही मागते. तेव्हा समजुतीस इतिहास म्हणता येणार नाही. परंतु ही कथा येथे रुजविणाऱ्यांना भूगोल उत्तम अवगत होता. अन्नाचा गाडा खालून वर गेला, वरून खाली आला नाही. अंजनीकाठची काळी जमीन ओल धरते व ज्वारी, कापूस पिकविते. वरचा मुरूम पाणी धरीत नाही. तेथे गुरांना चारा आणि चुलीला सरपण, याहून फारसे निघत नाही. धान्य खालच्याच गावांनी पुरवावयाचे.

कथा अर्थातच सपाटीवरच्यांनी सांगितलेली आहे. डोंगरातला तो राक्षस! ही दृष्टी पुराणापुरतीच राहिली नाही. एरंडोलच्या उत्तरेस धरणगाव ही जुनी कापडाची पेठ. १६७४ मध्ये तेथे इंग्रजांची वखार होती आणि १६७५ मध्ये मराठ्यांनी ती लुटली. पुढे १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला, तेव्हा डोंगरांतील भिल्ल सरकारी कागदांत लुटारू म्हणून नोंदले गेले. त्यांच्या जमिनी व परंपरागत हक्क कोणी बुडविले, हा प्रश्न मागाहून आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावीच ठेविले. म्हणजे डोंगरातल्या माणसास शिधा व पगार घेण्यासाठी पेठेत उतरावे लागले.

एरंडोलची कीर्ती वेगळी. तेथील हातकागद एके काळी नावाजलेला होता. यंत्राच्या स्वस्त कागदापुढे तो टिकला नाही. आगगाडीही शहरास वगळून गेली. पद्मालयाचे मात्र तिच्यावाचून अडले नाही. अंगारकीस खालच्या गावांतून यात्रेकरू टेकडी चढतात आणि तळ्याकाठी शिदोऱ्या सोडतात.