चटक्याच्या शोधात

डावा कोपर खिडकीत टेकवू नका, दाराचा पत्रा तव्यासारखा तापलाय. टेकवलात ना? चोळा आता.

हा 1978 चा ऑगस्ट आहे, बुधवारची दुपार. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडो व्हॅली नावाची डोंगरांनी वेढलेली एक भली मोठी परात आहे. त्या परातीत ऊन ओतलंय आणि वर धुरकट तपकिरी झाकण ठेवलंय. डोळे चुरचुरतायत, घशात शिशाच्या पेट्रोलची गोडसर चव बसलीय. तुम्ही 405 नंबरच्या फ्रीवेवर अडकला आहात. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि शेजारच्या ट्रकचं धुरांडं नेमकं तुमच्या कानाशी. आसनाचं रेक्झिन पाठीला चिकटलंय. पुढे सरकलात की केळं सोलल्यासारखा आवाज येतो.

गाडी मात्र बघा! 1975 सालची पोर्शे 911. सेकंडहँड असली म्हणून काय झालं? किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, समोर पाच गोल तबकड्या ओळीत, मधली सगळ्यात मोठी. त्या मोठीच्या डावीकडची तबकडी बघा. निम्म्या भागात ऑइलचा दाब, निम्म्यात ऑइलचं तापमान. तापमानाचा काटा चढतोय. घड्याळाच्या तासकाट्यासारखा, हलताना दिसत नाही. पण मघाशी होता तिथे आता नाही.

आता तुमच्यातला बोरघाटात वाढलेला माणूस जागा होणार. गाडी तापली, थांबा, बॉनेट उघडा, फडकं घ्या, पाणी ओता. पण ओतणार कुठे? या गाडीत रेडिएटर नाही. पुढचं बॉनेट उघडलंत तर तिथे बॅगा ठेवायची जागा आहे. इंजिन मागे, चाकांच्याही मागे, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही. दुसरी युक्ती कुणीतरी सांगितलेली असते, हीटर चालू करायचा म्हणजे इंजिनाची उष्णता आत निघून येते. नका करू. या गाडीचा हीटर सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांवरून वारा आणतो. इंजिन तसंच तापलेलं राहील आणि तुमच्या नडग्या भाजतील.

केलंत ना? बंद करा.

व्हॅन नाइसला उतरा. बाहेर पडल्यावर एका मागच्या गल्लीत शटर अर्धं खाली ओढलेलं गॅरेज आहे. पाटी नाही, खिशात फोन नाही. ऑइलचा वास धरून जा. आतला अंधार डोळ्यांना आधी काळा वाटतो, मग हिरवट. ग्रीस, रबर, केरोसिन आणि कालच्या कॉफीचा वास. भिंतीवर मोडलेल्या गाड्यांचे अवयव टांगलेले: दारं, नळ्या, एक अख्खं मडगार्ड. आणि स्टुलावर एक म्हातारा जर्मन मिस्त्री, हातावर पाण्यानं भाजल्यासारखे डाग. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण याचा सूर पक्का 'तू'चा आहे.

"बंद करू नकोस," तो ओरडतो. "चालूच ठेव."

तुमचा हात किल्लीवर थिजतो. तो मागचं झाकण उघडतो, उजव्या बाजूची डिपस्टिक ओढतो आणि नाक मुरडतो. "ऑइल कधी घातलंस?"

सकाळी. गार इंजिन, बंद गाडी, डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून एक लिटर ओतलं. इतर गाड्यांना हे बरोबर असतं. इथे ऑइल इंजिनाच्या तळाशी साचून राहत नाही, वेगळ्या टाकीत राहतं, उजव्या मागच्या चाकापाठीमागे. गाडी बंद करून ठेवली की ते हळूहळू इंजिनात झिरपतं आणि टाकी रिकामी दिसते. म्हणून मोजायचं ते इंजिन गरम असताना, चालू असताना, सपाट जागेवर. आता पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलीय. जास्तीचं ऑइल श्वासनळीतून इंजिनाच्या तोंडात जातं. सकाळी मागे जो निळसर धूर दिसत होता आणि ज्याला तुम्ही लॉस एंजेलिसची हवा म्हणालात, तो हा. लिटरभर खाली काढावं लागतं. इंजिनात एकूण बारा लिटरच्या वर ऑइल आहे. एवढं कशाला, असं वाटेल. पण ऑइल हेच या गाडीचं अर्धं पाणी आहे. उरलेलं अर्धं म्हणजे वारा.

तुम्ही म्हणता, इंजिन गेलं बहुतेक. तुमचा आवाज चिरकतो, कारण तुम्ही ऐकलंय की या 2.7 लिटरच्या इंजिनाचं आवरण मॅग्नेशियमचं आहे आणि फार तापलं की सिलिंडरचं डोकं धरून ठेवणारे लांब बोल्ट त्यातून उपटून येतात. ते खरं आहे. शिवाय कॅलिफोर्नियाच्या गाडीला धूर स्वच्छ करायला खाली थर्मल रिअ‍ॅक्टर लावलेत, म्हणजे जळून निघालेला वायू इंजिनाच्या कुशीतच पुन्हा जाळायचा. चुलीखाली दुसरी चूल. म्हातारा त्यांच्याकडे सासूकडे बघावं तसं बघतो आणि काही बोलत नाही.

पण तो तुमच्या घाईला दादही देत नाही. त्याचा पहिला संशय इंजिनावर नाही, काट्यावर आहे. ताप मोजणारा थर्मामीटरच खोटं बोलत असला तर?

एक हॉटप्लेट, एक चेपलेलं पातेलं, पाणी. तो इंजिनातून तापमानाचा सेन्सर सोडवतो, वायर लांबवतो, दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला टेकवतो आणि सेन्सर पातेल्यात सोडतो. तुम्ही आत बसून काटा बघायचा. आत म्हणजे भट्टीत. घाम भुवईवरून डोळ्यात येतोय, बाहेर पाणी खदखदतंय, आणि काटा सावकाश चढत एका जागी थांबतो. "तिथे?" "तिथेच." तो येतो, दातांनी चिकटपट्टीचा बारीक तुकडा तोडतो आणि काचेवर चिकटवतो. ही शंभराची जागा. मघाशी फ्रीवेवर काटा याच्या बराच पुढे होता. म्हणजे काटा खरा बोलतोय आणि ताप आहे. एवढ्या पातेलभर पाण्यानं निम्मे तर्क निकालात निघाले. आज आपण इन्फ्रारेडची बंदूक रोखून आकडा वाचतो. त्यात सोय आहे. पण पत्र्यावरचा आकडा आणि आतल्या ऑइलचा ताप यांत फरक असतो, हे हा माणूस बंदुकीशिवाय जाणून आहे.

आता वारा. मागे उभे राहा, वाका. तुमच्याकडे बघत असलेला तो मोठा पंखा, अकरा पात्यांचा. बजाजच्या स्कूटरचं उजव्या बाजूचं झाकण कधी काढलं असेल तर हा तुम्हाला ओळखीचा आहे. तिथेही फ्लायव्हीलची पाती वारा ढकलतात आणि पत्र्याचं आवरण तो सिलिंडरवर नेऊन सोडतं. इथे तेच, फक्त सहा सिलिंडर. पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा ढिला असला तर पंखा घसरतो, आणि बॅटरीचा दिवा काही लागत नाही, त्यामुळे कळतही नाही. इंजिन बंद. अंगठ्यानं दाबा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत गेला पाहिजे, हा दोन बोटं जातोय. पट्टा ताणायला इथे स्क्रू नाही. पुलीच्या दोन थाळ्यांमध्ये पातळ चकत्या असतात; एक काढायची, थाळ्या जवळ येतात, पट्टा वर चढतो. काढलेली चकती फेकायची नाही, पुलीच्या बाहेरच्या बाजूला लावून ठेवायची, पुढच्या माणसासाठी. मला ही व्यवस्था फार आवडते. सुटे भाग हरवणाऱ्या जमातीची पूर्ण खात्री असलेल्या माणसानं ती योजलेली दिसते.

मग हातदिवा आणि छोटा आरसा. इंजिनाच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यात, आवरणाखाली ऑइलचा कूलर दडलाय. वारा त्याच्या जाळीतून जायला हवा. आरशात तुम्हाला जाळी दिसत नाही, एक काळपट गोधडी दिसते. तो आकड्यानं एक तुकडा ओढून तुमच्या तळहातावर ठेवतो. ऑइलनं माखलेली फुलं. जकारंडा. जूनमध्ये या शहरातल्या गल्ल्या जांभळ्या करतात तीच. आपल्याकडे पुण्यात याला नीलमोहर म्हणतात. गाडी झाडाखाली लावत होतात, सावलीला! कॉम्प्रेसरची नळी लावल्यावर फुलांचा चुरा, धूळ आणि कुठल्या तरी उंदराच्या बिछान्याचा कापूस असा सगळा सोहळा तुमच्या तोंडावर येतो. थुंका. पुन्हा थुंका.

इंजिनाभोवतीची रबरी पट्टीही एका जागी निघालीय. ती नुसती शोभेची नाही. वर गार हवा, खाली गरम, आणि मधली भिंत म्हणजे ती पट्टी. फट राहिली की खालची भाजलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर फेकतो. इग्निशनची वेळ तो लुकलुकणारा दिवा धरून दोन मिनिटांत बघतो, ठीक आहे म्हणतो. तुम्हाला इतक्यात आशा वाटायला लागलीय.

"फिरवून आण."

वीस मिनिटं, उघड्या खिडक्या, सेपुल्व्हेडा बुलेव्हार्डवरून वर आणि परत. कण्हेरीचा वास, डांबराचा वास, एका गाडीवरच्या टॅकोतलं भाजलेलं मांस. काटा चिकटपट्टीशी येतो, थबकतो... आणि ओलांडतो. पहिल्यापेक्षा कमी, पण ओलांडतोच.

परतल्यावर म्हातारा काटा बघतही नाही. तो गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसतो, मडगार्डाच्या पोटात हात घालतो आणि तसाच राहतो. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. मग तुमचं मनगट धरून तुमचा हात तिथे नेतो.

आधीच्या मालकानं इथे जादाचा कूलर बसवलाय, वाकवलेली पितळी नळी, ट्राँबोन म्हणतात तिला. मागून गरम ऑइल इथपर्यंत येतं, वाऱ्यानं निवतं, परत जातं. नळी धरा. काय वाटतं?

कोमट.

"कोमट," तो म्हणतो, आणि पहिल्यांदा खूश दिसतो. मागे इंजिनात ऑइल शंभराच्या वर आहे आणि इथे अंघोळीचं पाणी! इथे हात टिकायलाच नको. मागच्या उजव्या चाकापुढे थर्मोस्टॅट आहे. ऑइल तापलं की तो उघडतो आणि ते पुढे पाठवतो. त्यातून पुढे निघणाऱ्या नळीला हात लावा, जपून. चटका बसतो. म्हणजे थर्मोस्टॅट उघडलाय. इथून चटका निघतो आणि तिथे कोमट पोचतो. वाटेत कुठेतरी चोर आहे.

वाट आहे दाराखालून, उजव्या उंबऱ्याच्या पत्र्याआड. दोन नळ्या शेजारीशेजारी. तो शोभेची पट्टी सोडवतो, बोटांनी मागून पुढे चाचपत येतो, आणि अर्ध्यावर बोट थांबतं. एक नळी चपटी झालीय. पायाखाली आलेल्या स्ट्रॉसारखी. दाब वाढला की थर्मोस्टॅट बिचारा ऑइल पुढे न पाठवता तिथल्या तिथे टाकीत वळवतो, म्हणून इंजिनाला काही कळलं नाही, कुठे गळलं नाही.

"टायर पंक्चर झाला होता?" तो विचारतो.

झाला होता, मागच्या महिन्यात. आणि जॅक तुम्ही कुठे लावला होता? ठरलेल्या खोबणीत लावला नव्हता, बरोबर? घाई होती, ऊन होतं, उंबऱ्याखाली एक सपाट जागा दिसली.

तो काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

भिंतीवरच्या मोडक्या गाडीची नळी उतरते. पण जुनी सुटता सुटत नाही. थर्मोस्टॅटवरच्या मोठ्या नटांनी धातूला धातू घट्ट धरलेला असतो, या गाड्यांची ही जुनी खोड आहे. दोन लांबलचक पाने, एकावर तो, एकावर तुम्ही. हात घसरतो, बोटांची सालं जातात. मग गॅसची ज्योत, निळी, फुत्कारणारी. जळक्या ऑइलचा उग्र वास, आणि अचानक कडाक्. तुम्हाला वाटतं काहीतरी तुटलं. तो हसतो. नट सुटलाय.

संध्याकाळ झालीय. आणि बुधवारची संध्याकाळ म्हणजे व्हॅन नाइस बुलेव्हार्डवरची गाड्यांची जत्रा. गाडी मुद्दाम तिकडेच घाला, कारण परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही. दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या, मुंगीच्या चालीनं: जमिनीला टेकलेल्या इम्पाला, रंगवलेल्या व्हॅन, क्रोम, निऑन, कडेला टपांवर बसलेली पोरं. प्रत्येक खिडकीतून वेगळं गाणं, आणि त्या सगळ्यांतून अधूनमधून रेडिओवरच्या विन स्कलीचा संथ आवाज, डॉजर्सचा बेसबॉलचा सामना कुठवर आलाय ते सांगणारा. तळलेल्या बटाट्यांचा, हेअरस्प्रेचा, क्लचचा वास. कुणीतरी तुमच्या पोर्शेकडे बघून शिट्टी मारतं, कुणीतरी तिला बीटल म्हणतं.

काटा चिकटपट्टीशी येतो. थबकतो. सिग्नल, पुन्हा सिग्नल. केसभर पुढे जातो आणि तिथेच बसतो.

बर्गरच्या टपरीपाशी गाडी लावा. इंजिन चालूच ठेवा. गर्दीतून वाट काढत उजव्या पुढच्या चाकाशी जा, गुडघ्यावर बसा, मडगार्डाखाली हात घाला आणि नळी चाचपडा.

हाय! बोट तोंडात घाला. टपावरची पोरं बघतायत, हा माणूस रस्त्यात बसून भाजलेलं बोट चोखतोय आणि हसतोय काय.