पावसाने कोंडलेल्यांचे खेळ

मावळात पावसामुळे छपराखाली अडकून पडलेल्यांचा माग काढत मागे गेलं, की आपण कार्ला, भाजे, बेडसे इथल्या लेण्यांच्या पायऱ्यांशी पोचतो. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. बौद्ध भिक्षूने एरवी फिरत राहायचं, पण आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी मुक्काम करायचा, हा वर्षावासाचा नियम. तीन महिने तीच माणसं, तोच ओटा आणि समोर धो धो पाऊस. अशा वेळी माणसाला काय काय सुचतं याची धर्माला चांगली कल्पना होती. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, कोणते खेळ श्रमणाने खेळू नयेत याची भलीमोठी यादी आहे. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, फासे, काठ्यांचे खेळ, कोलांट्या, पानांच्या पिपाण्या, खेळण्यातले रथ आणि धनुष्यं. पट न मांडता नुसत्या कल्पनेत सोंगट्या चालवायच्या, हाही त्यात आहे. हवेत किंवा पाठीवर बोटाने अक्षर काढायचं आणि दुसऱ्याने ओळखायचं. समोरच्याच्या मनातलं ओळखायचं. कुणाच्या तरी व्यंगाची नक्कल करायची. इतकी बारीक मनाई करायची तर खेळ चांगले ठाऊक असावे लागतात.

ही बंदी बारमाही होती, पण तिची खरी परीक्षा पावसाळ्यातच होत असणार. आणि गंमत अशी, की २०१४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जॅकबॉक्स पार्टी पॅक’मधला ‘ड्रॉफुल’ हा खेळ घेतला, तर तो या यादीतून उचलल्यासारखा वाटतो. प्रत्येकाने आपापल्या फोनवर बोटाने वेडंवाकडं चित्र काढायचं आणि बाकीच्यांनी टीव्हीकडे बघत ते काय असावं याच्या थापा मारायच्या. कंपनीत कुणी पाली वाचली असण्याचा संभव नाही. चार माणसं एका छताखाली कोंडली, की त्यांचं डोकं ठरावीक चार-सहा दिशांनाच धावतं, एवढाच याचा अर्थ.

भिक्षूंनंतर मात्र या मागोव्यात मोठा खंड पडतो, कारण मावळचा शेतकरी पावसात घरात बसतच नाही. जून-जुलैत इथे चिखलणी आणि आवणी असते. डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकची खोळ, पाय पोटरीपर्यंत गाळात, कंबर वाकलेली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये जो ‘इंद्रायणी’ तांदूळ दिला, तो आज पुण्या-मुंबईच्या घराघरांत शिजतो. त्याची रोपं लावली जातात ती नेमक्या त्याच दिवसांत, ज्यांना शहरातला माणूस ‘आज पाऊस आहे, घरातच काहीतरी खेळू’ असं म्हणतो. पावसाळी बैठा खेळ ही ज्याला आवणी नाही त्याची चैन आहे.

गावात खेळ होते, पण ते कामाच्या कडेकडेने. ओसरीवर पोरींचे सागरगोटे, काचापाणी. देवळात भजन आटोपल्यावर म्हाताऱ्यांचे पत्ते. वाड्यांमधून श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर: फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, लाटणी घेऊन घातलेल्या फुगड्या, रात्रभर. नव्या सुनेला हसायला, घाम गाळायला आणि दमायला मिळालेली ती वर्षातली एक रात्र. खेळाची रचना पाहिली तर आजच्या व्याख्येने तो पार्टी गेमच होता. नियम दोन मिनिटांत कळणारे, फेऱ्या छोट्या, हरणाऱ्याची फजिती सगळ्यांसमोर, आणि बसून बघणाऱ्यालाही खेळणाऱ्याइतकीच मजा. २००६ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ने आणि २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘काइनेक्ट’ने टीव्हीपुढे माणसाला अंग हलवायला लावलं, तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. सदाशिव पेठेतल्या आज्यांना त्यात नवं एवढंच दिसलं असतं, की पुरुषही नाचतायत.

मावळातल्या लोणावळा-खंडाळ्याला शहरी पाहुणा आला तो रेल्वेबरोबर. पुणे-खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली आणि बोरघाटातला रूळमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. मग मुंबईकर पारशी, गुजराती शेठ यांचे बंगले उठले. पण थंड हवा खायला जायचं ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात राहायचं गाव म्हणजे पुणं. मुंबईचे गव्हर्नरही तेव्हा गणेशखिंडीत मुक्कामाला यायचे. महाबळेश्वर तर जूनमध्ये चक्क मिटायचं, घरांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधून. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. जुलैत लोणावळ्याच्या बंगल्यात उरायचा तो माळी आणि त्याचं कुटुंब. ब्रिटिश साहेबाने लोणावळ्याच्या धुवांधार पावसात काचेच्या खिडकीशी बसून डाव मांडल्याचं चित्र आपल्याला आवडतं, पण ते बहुतांशी सिनेमातलं आहे.

पाऊस हेच बघायला जायचं, ही टूम बरीच नंतरची. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तिने कॉलेजच्या पोरांना भुशी डॅमच्या पायऱ्यांवर आणून सोडलं. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या त्या धरणाची भिंत आता भिजायला उपयोगी पडू लागली. मागोमाग ऑफिसच्या सहली, बँकांचे आणि कंपन्यांचे हॉलिडे होम, आणि भाड्याने मिळणारे बंगले. माणूस भिजायला जातो, दोन तासांत कुडकुडतो, भजी खातो आणि मग पुढे दीड दिवस त्याला काय करावं ते कळत नाही. पावसाळी खेळाचा लोणावळ्यातला खरा इतिहास या दीड दिवसात घडला.

सुरुवातीला अर्थातच पत्ते. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, तीनशेचार, आणि पोरं झोपली की तीन पत्ती. लोणावळ्याच्या जुलैत पत्ते सर्दावतात. नवा कोरा कॅटही दुसऱ्या संध्याकाळी जाड होतो आणि पिसताना चिकटतो. कॅरमची अवस्था त्याहून वाईट. बोर्ड ओल धरतो, बोरिक पावडरचे बारीक गोळे होतात, आणि स्ट्रायकर निम्म्या वाटेत थबकतो. त्यावर घरगुती इलाज म्हणजे बोर्डावर शंभरचा बल्ब खाली ओढून तास-दीड तास तापत ठेवायचा, मग कोरड्या फडक्याने पुसून नवी पावडर. हॉलिडे होममधल्या बोर्डाला हे भाग्य सहसा मिळत नसे, त्यामुळे तिथे राणी घेणारा खेळाडू घरच्यापेक्षा निराळाच निघायचा: जोरात मारणारा.

नव्वदच्या दशकात या सामानात टीव्ही गेम आला. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या तैवानी आणि चिनी नकला आपल्याकडे ‘सामुराय’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी घरोघर पोचल्या. सुट्टीला निघताना कुणीतरी चुलतभाऊ तो डबा टॉवेलात गुंडाळून बॅगेत घालायचा. बंगल्यावर पोचल्यावर पहिली लढाई टीव्हीशी. मागची अँटेनाची वायर काढून गेमची खोचायची, आणि ट्यूनिंगचं चाक मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत फिरवत राहायचं. दमट हवेत कॅसेट पहिल्या फटक्यात लागली असं कधी व्हायचं नाही. काढा, फुंका, घाला. त्या फुंकेतली ओल तांब्याच्या पट्ट्यांना उलट गंजवते, पण काढून पुन्हा बसवल्यामुळे संपर्क जुळायचा आणि श्रेय फुंकेला जायचं. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. आत मोजून दहा-बारा खेळ, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा.

दोन पॅड असायचे, पण बरोबरीचे नाहीत. मूळ फॅमिकॉममध्येच दुसऱ्या पॅडला ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणं नव्हती, आणि नकलांनी बहुधा तेच उचललं. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, कुठला निवडायचा, हे सगळं पहिल्या पॅडच्या हातात. पहिला पॅड मोठ्या दादाकडे. धाकट्याने फक्त खेळायचं. घरातली उतरंड जपानी इंजिनिअरने प्लास्टिकमध्ये ओतून दिली होती म्हणा ना. ‘बॅटल सिटी’ म्हणजे आपला ‘टँक’ खेळताना धाकटा त्याचा सूड उगवायचा. आपल्याच भिडूवर गोळी झाडली की त्याचा रणगाडा काही क्षण जागीच गोठतो, एवढी सोय त्यात होती.

आणि ‘कॉन्ट्रा’. कोनामीचा हा खेळ फॅमिकॉमवर १९८८ मध्ये आला. त्याची तिसरी लेव्हल म्हणजे एक उंच धबधबा, खडकांवर उड्या मारत वर चढायचा. दोघे खेळत असतील तर जो वर पोचतो तो पडदा आपल्याबरोबर वर ओढतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या कडेखाली जाऊन मरतो. बाहेर खरे धबधबे कोसळत असताना आतली भांडणं या धबधब्यावरून लागायची: ‘थांब ना, मी येतोय!’ मागे बसलेली सहा-सात पोरं दोन गटांत विभागलेली, प्रत्येकाचा नंबर लागलेला, ‘मेला की मी’ हा करार आधीच झालेला. यंत्र दोघांचं, खेळ नऊ जणांचा.

मग लाइट जायची. ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोणावळ्याचं पाणी वीज करण्यासाठीच अडवलेलं आहे. टाटांनी १९१० मध्ये जलविद्युत कंपनी काढली, लोणावळा, वळवण आणि शिरवट्याचे तलाव बांधले, आणि घाटमाथ्यावरचं ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. याच धोरणापायी पुढे शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह पेटला. म्हणजे गिरगावात बसून एखादा पोरगा रात्री दहाला ‘मारिओ’ खेळायचा, तेव्हा त्यात मावळच्या पावसाचाही वाटा असायचा, आणि त्याच पावसात मावळात मात्र झाड तारेवर पडून अंधार. मेणबत्ती लागायची, गेमचा डबा बाजूला सरकायचा आणि सर्दावलेला कॅट पुन्हा बाहेर यायचा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर हे वेळापत्रक लावून व्हायचं. पत्त्यांना व्हिडिओ गेम हरवू शकला नाही, त्याला आवडीनिवडीइतकंच महावितरणही कारण आहे.

जगात याच सुमाराला पार्टी गेम नावाचा वेगळा प्रकार रुजत होता. डिसेंबर १९९८ मध्ये जपानात आलेल्या ‘मारिओ पार्टी’त चार खेळाडू, एक पट, फासा टाकून घरं मोजायची, आणि मधे मधे छोटे खेळ. म्हणजे कन्सोल फिरून पटावरच आला. त्यातल्या काही खेळांत तळहाताने दांडी गरागरा फिरवावी लागे; मुलांच्या हातांना फोड आले, आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी समझोता करून निन्टेन्डोला हातमोजे वाटावे लागले. पट तर मूळचा आपल्याकडचाच. परंपरा ज्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते तो मोक्षपट इंग्रजांनी सापशिडी करून नेला, पचिसीचा त्यांनी १८९६ मध्ये लुडो केला. हा लुडो परत आला तो २०१६ मध्ये, नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीच्या ‘लुडो किंग’मधून. टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. पावसाळी सहलीच्या दृष्टीने त्याचा गुण साधा आहे: फोन हातोहात फिरवला की चौघांना पुरतो, रेंज लागत नाही, लाइट लागत नाही, आणि तो सर्दावत नाही.

द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तसे बंगल्यांचे व्हिला झाले. तुंगार्ली, कुणेगाव, मळवली, पवनानगर, जिथे बघावं तिथे. आत इन्व्हर्टर, जनरेटर, मोठा टीव्ही, दोन पॅडसह प्लेस्टेशन. लाइट जाण्याचा प्रश्न पैसेवाल्यांपुरता सुटला. बाहेरचा पाऊस मात्र तसाच धोक्याचा राहिला. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर संध्याकाळी सहानंतर पर्यटनस्थळं बंद झाली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जण दगावले आणि निर्बंध आणखी कडक झाले. सहा वाजता आत शिरलेला पंधरा जणांचा कंपू रात्री दोनपर्यंत काय करणार? तीन पत्ती पैशाने खेळली तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि लोणावळ्यात व्हिलांवर छापे पडतात. फोनवर पैसे लावून खेळावं, तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तेही बंद. उरतो प्लेस्टेशनवरचा फुकटचा फुटबॉल, दोन पॅड आणि तेरा सल्लागार.

यातले कितीतरी व्हिला खाचरांवर उभे आहेत. जमीन गेली, आवणी गेली, आणि मावळच्या पोराला पहिल्यांदाच जुलैत मोकळा वेळ मिळाला. शनिवार-रविवार तो पाहुण्यांची गाडी लावून देतो, कोळसा आणि चिकन आणून देतो, गीझर चालू करून देतो. सोमवार ते गुरुवार बंगला रिकामा, पाऊस तसाच. मग गावातले चार मित्र जमतात आणि मोठ्या पडद्यावर स्पर्धा सुरू होते, गुणतक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. शुक्रवारी दुपारी पॅड पुसून चार्जिंगला लावायचे. पाहुण्यांसाठी प्लेस्टेशनवर ‘गेस्ट’ नावाचं वेगळं खातं आहे, कारण मागे एका ग्रुपने यांची उपांत्य फेरी पुसून टाकली होती.