कार्ट्रिजमागचा माणूस

घरच्या टीव्हीवर चालणारा पहिला व्हिडिओ गेम कन्सोल, मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७२ साली अमेरिकेत आला. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांत ठरावीक खेळच असत. कंटाळा आला की यंत्र अडगळीत पडे. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’ने हे बदलले. कार्ट्रिज बदलले की खेळ बदले. मूळ कल्पना आल्पेक्स या छोट्या कंपनीची. पण ती रोजच्या वापराला टिकेल अशी घडवणाऱ्या गटाचे प्रमुख होते जेरी लॉसन, एक कृष्णवर्णीय इंजिनिअर. पुढच्याच वर्षी अटारीने कार्ट्रिजवर चालणारा आपला कन्सोल आणला आणि नाव अटारीचे झाले. लॉसन यांचा गौरव झाला मार्च २०११ मध्ये. एप्रिलमध्ये ते गेले. वर्गात मोबाइल गेमचा विषय निघाला, की मी त्यांचे नाव फळ्यावर लिहितो.