श्रीजगन्नाथाचे खंडुआ : रेशमात विणलेले ‘गीतगोविंद’

ओडिशातील पुरी येथील श्रीजगन्नाथ मंदिरात देवाच्या वस्त्रांचा रंग वारानुसार बदलतो. रविवारी तांबडा, बुधवारी हिरवा, गुरुवारी पिवळा, शनिवारी काळा असा हा क्रम आहे. देवांना वस्त्रे नेसविण्याचा मान ‘पुष्पालक’ या सेवेकऱ्यांचा असतो. रात्री निद्रेपूर्वी होणाऱ्या ‘बडा शृंगार’ वेशात मात्र एका वेगळ्याच वस्त्राला स्थान आहे. ते म्हणजे ‘खंडुआ’. या रेशमी वस्त्रावर जयदेव कवीच्या ‘गीतगोविंद’ या बाराव्या शतकातील संस्कृत काव्याच्या ओळी विणलेल्या असतात.

ही अक्षरे रंगवलेली वा भरतकामाने काढलेली नसतात. पैठणीची नक्षी मागावर, विणतानाच आकार घेते. खंडुआची नक्षी मात्र माग सुरू होण्यापूर्वीच सुतात ठरलेली असते. रंग लागू नये अशा जागी रेशमाचे धागे दोऱ्याने घट्ट बांधायचे, मग ते रंगात बुडवायचे. प्रत्येक रंगासाठी पुन्हा बांधणी आणि पुन्हा बुडवणे. ओडिशात या पद्धतीला ‘बांध’ म्हणतात. फूल अथवा हत्ती किंचित सरकला तरी तो ओळखता येतो. अक्षराचे तसे नाही. एखादी मात्रा ढळली तर शब्दच बदलतो आणि एकदा रंगलेले सूत पूर्ववत करता येत नाही. देवाच्या अंगावर जाणाऱ्या काव्याच्या शुद्धतेचा भार अशा रीतीने विणकराच्या गाठींवर येतो.

परंपरेनुसार जयदेवाने आपल्या केंदुली गावी विणलेले असे वस्त्र देवाला अर्पण केले. पुढे हे काम कटक जिल्ह्यातील नुआपाटणा येथे रुजले. शेजारच्या मणियाबंध गावात विणकरांचा बौद्ध समाज आहे आणि खंडुआ तेथेही विणले जाते. मंदिरातील ‘गीतगोविंद’ गायनाला लेखी आधार आहे. जय-विजय द्वारावरील गजपती प्रतापरुद्रदेवाच्या १४९९ च्या शिलालेखात देवापुढे हेच काव्य गाण्याची आज्ञा कोरलेली आहे.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपासून वसंत पंचमीपर्यंत देवांना थंडीची उबदार वस्त्रे असतात. मूर्तींशी रेशमाचे नाते याहून निकटचे आहे. कडुनिंबाच्या काष्ठमूर्तींवर रेशमी पट्ट्या व राळ यांचे थर चढविले जातात. नवकलेवर विधीत, जो अलीकडे २०१५ मध्ये झाला, नव्या मूर्तींवर हे थर नव्याने बसतात. तेथे रेशीम हे देवाचे वस्त्र नसून त्वचा मानले जाते.