भोंग्यावर चालणारे दिवस

आपल्या परळ-लालबागच्या भागात आता गिरणीचा भोंगा होत नाही. ज्यांचा जन्म 1982 च्या संपानंतरचा आहे अशा आपल्या सुना-मुलींना भोंगा म्हणजे नक्की काय, हेही सांगावे लागते. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी जुने लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा माझ्या मनात आले की गिरण्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, संपांचा लिहिला, पुढाऱ्यांचा लिहिला. परंतु त्या भोंग्यावर निरनिराळ्या धंद्यांतील माणसे कशी उठत, कशी राबत आणि केव्हा पाठ टेकत, त्याचा हिशेब, विशेषतः बायकांचा, फारसा कोणी मांडलेला दिसत नाही. तो जमेल तितका येथे मांडते.

मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांची. ती 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली. आरंभीच्या गिरण्यांत कामाची वेळ घड्याळाने ठरत नसे, ती सूर्याने ठरे. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस त्यातल्या त्यात लहान आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. रविवारीदेखील यंत्रे पुसण्यासाठी अर्धा दिवस जावे लागे, आणि त्या कामाचा वेगळा दाम नव्हता. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना उजाडता कामास लागण्याचे नवल नव्हते; शेतावर तेच होते. मात्र शेतावर दुपारी झाडाखाली आडवे होता येते, पाऊस लागला की औत सोडता येते. येथे पट्टा फिरत असेतोवर बाजूला होण्याची सोय नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळाकडे दिला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! आठवड्यातून रविवारची सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. सूर्यास्ताला थांबावे एवढेच मागणे होते, त्याआधी घरी सोडा असे कोणी म्हटले नव्हते. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. ज्या काळी सभेच्या मांडवात बाई दिसणे दुर्मीळ होते त्या काळी हे घडले, याचा आपण बायकांनी अभिमान धरायला हरकत नाही. त्यानंतर 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

1891 च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचा गिरणीतील दिवस अकरा तासांचा ठरवला. पुरुषांना मात्र मर्यादा नव्हती, आणि त्यातच गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा आला म्हणजे सुख आले असे आपण धरून चालतो. पण येथे दिव्याने सूर्यास्ताची सबबच काढून घेतली. 1905 च्या सुमारास पुष्कळ गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालत होत्या. पुरुषांना बारा तासांची मर्यादा 1911 च्या कायद्याने मिळाली. 1922 मध्ये अकरा तास, 1934 च्या कायद्याने दहा तास, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, अशी ती खाली आली. यातला एकेक तास उतरवण्यास दहा-बारा वर्षे लागली आणि दरम्यान किती संप झाले ते निराळेच.

मध्यंतरी एक गमतीची, पण त्या वेळच्या माणसांना मुळीच गमतीची न वाटलेली गोष्ट घडली. 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ धरावी असे सरकारने ठरवले. मुंबईचे आपले घड्याळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे होते. गिरणीने घड्याळ पुढे केले म्हणजे कामगाराला तितके लवकर, अंधारातच, दारात हजर व्हावे लागणार. जेकब ससून गिरणीतील हजारो कामगारांनी तेव्हा कामावर जाण्याचे नाकारले. शहरात तर जवळजवळ अर्धशतक दोन वेळा चालत राहिल्या. ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?’ असे विचारून माणसे भेटी ठरवीत. एकोणचाळीस मिनिटांसाठी एवढे का, असे ज्यांना वाटेल त्यांनी पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईला विचारावे.

आता गिरणीत आत काय चाले ते थोडे सांगते. बायका मुख्यत्वे वाइंडिंग आणि रीळिंग या खात्यांत असत. वाइंडिंगमध्ये लहान बॉबिनवरचे सूत मोठ्या कोनवर भरायचे, तुटले की क्षणात गाठ मारून पुन्हा चालू करायचे. रीळिंगमध्ये सुताच्या लडी करायच्या. मजुरी नगावर, म्हणून पूर्वी या खात्यांत बायकांच्या येण्या-जाण्याला थोडी सैल असे. घरचे उरकून उशिरा आली तर तिचेच पैसे कमी, गिरणीचे काय जाते? वरती नाईकीण असे. कामावर घेणे, बदलीवर ठेवणे तिच्या हातात. त्यामुळे तिचा हात ओला केल्याशिवाय पुष्कळदा काम मिळत नसे. तान्ह्या मुलाचे काय करायचे हा तर मोठाच प्रश्न होता. अफूची बाळागोळी देऊन मूल निजवायचे आणि भोंग्याला धावायचे, ही रीत गिरणगावात सर्रास होती. 1922 च्या सुमारास सरकारने नेमलेल्या एका डॉक्टरबाईंच्या चौकशीत ती उघड झाली. त्या आयांना नावे ठेवणे सोपे आहे. मूल कोणाजवळ ठेवावे, हे मात्र नावे ठेवणाऱ्यांनी सांगितले नाही. गिरणीत पाळणाघर हवे अशी कायद्याची सक्ती पुष्कळ उशिरा आली.

साचेखात्यात, म्हणजे विणाईत, पुरुष. तेथे मजुरी जास्त. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ‘विटाळ होतो’ एवढ्या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट वेशीवर टांगली. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर येणाऱ्या दोन माणसांच्या पगारात एका थुंकीमुळे अंतर पडावे, हेही आपल्या इतिहासात लिहिलेले असू द्यावे.

पाळ्या सुरू झाल्यावर दिवसाचे तीन तुकडे झाले. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात गावकरी मंडळाचे वीस-पंचवीस गडी राहत ते याच आधारावर. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. आणि अवघी वस्ती त्या तीन वेळांना बांधली गेली. नळाला पाणी सोडणारा चावीवाला पहाटे येई. पहिला भोंगा होण्यापूर्वी सर्वांच्या अंघोळी उरकायच्या असत. ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात मासळी घेतलेली कोळीण दहाच्या सुमारास टोपली घेऊन चाळीच्या दारात बसे. पगाराच्या आठवड्यात पापलेट आणि महिनाअखेरीस बोंबील आणायचे हे तिला कोणी शिकवावे लागत नसे. सुईणीला तेवढी वेळ नव्हती. वाडिया प्रसूतिगृह 1926 मध्ये निघाले तरी पुष्कळ बायका तिलाच बोलावीत, आणि ती मध्यरात्रीही डोक्यावर पदर घेऊन निघे. फोर्टातल्या कचेऱ्यांत दहाला पोहोचणाऱ्या कारकुनांचे डबे न्यायला डबेवाला येई. ही डबे पोहोचवण्याची पद्धत 1890 पासूनची. गिरणी कामगाराचा डबा मात्र बहुधा खानावळवाल्या बायकाच पाटीत भरून, डोक्यावर घेऊन, गिरणीच्या दाराशी नेत.

आणि येथे मी माझ्या मुख्य विषयाशी येते, तो म्हणजे खानावळवालीचा दिवस.

एकट्याने मुंबईत राहणाऱ्या गड्यांना जेवण घालणाऱ्या बायका गिरणगावात घरोघर होत्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा अंगाने खचलेला, आणि कोणी गिरणीतून सुटलेल्या. कारण एक विपरीत गोष्ट घडली होती. बायकांना रात्रपाळी बंद असल्याचा कायदा, 1929 चा मुंबई प्रांताचा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा, हे सारे बायकांच्या हिताचे, आणि व्हायलाच हवे होते. परंतु तीन पाळ्यांत फिरवता येत नाही आणि भत्ता द्यावा लागतो, असा हिशेब करून मालकांनी बायका घेणेच कमी केले. नवी यंत्रेही आली. शतकाच्या आरंभी दर पाच कामगारांत सुमारे एक बाई असे. पुढे पुढे फारच थोड्या उरल्या. गिरणीतून बाहेर पडलेली बाई काही घरी बसली नाही. तिने चूल मोठी केली.

आमच्या मजल्यावर अशी एक मावशी होती. साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. तिच्याकडे पंधरा मेंबर जेवत. खानावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणत. मावशी पहाटे चारला उठे. पाणी भरून साडेपाचला पहिला तवा. पहिल्या पाळीचे मेंबर चहा घेऊन सातच्या आत गेले की त्यांचे डबे करायला घ्यायचे, अकराला दाराशी पोहोचवायचे. तोवर रात्रपाळीहून आलेले जेवून निजलेले असत. परतली की दुसऱ्या पाळीच्या गड्यांना तीनपूर्वी वाढायचे. चारला पहिल्या पाळीची माणसे परत येत, त्यांचा चहा. मग बाजार, निवडणे, दळण. आठला रात्रीचे जेवण. तिसऱ्या पाळीचे साडेअकराला जेवून जात, आणि दुसऱ्या पाळीचे बारानंतर येत, त्यांची ताटे झाकून ठेवायची. मधे कधी तासभर पाय पसरले तर पसरले. मी शाळेत गणिताला बरी होते म्हणून एकदा तिचे तास मोजले, तर ते सतरा भरले. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग आता काय भोंगा वाजवतेस का?” रविवारी गिरणीला सुट्टी असे, त्या दिवशी मटण, म्हणजे वाटणाचे काम जास्त.

1948 च्या कायद्याने गिरणीचे तास बांधले, दुकानांसाठी आणि उपाहारगृहांसाठीही कायदे झाले, पण घरच्या चुलीपर्यंत कोणताच कायदा पोहोचला नाही. तिचे नाव कोणत्या हजेरीपटावर नव्हते. पैसे मेंबरांच्या पगारानंतर येत, वाण्याला मात्र आधी द्यावे लागत. म्हणून भांडी गहाण पडत आणि सावकाराचे व्याज चढत जाई. संप झाला म्हणजे मेंबर उधारीवर जेवत. 1928 चा संप सहा महिने टिकला तो कोणाच्या भाकरीवर, असे मला कित्येकदा वाटते.

हे पाहिले आणि हाती घेतले ते प्रेमाताई पुरव यांनी. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेल्या. मुंबईत कामगार चळवळीत वावरताना त्यांना खानावळवाल्या दिसल्या. 1975 मध्ये चौदा जणींना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना लहान लहान कर्जे मिळवून दिली. तारण काही नाही, एकमेकींची हमी. बँकेच्या फॉर्मवर ‘धंदा’ या रकान्यात खानावळ असे लिहिले गेले. तोपर्यंत शिरगणतीवाल्याने विचारले तर या बायका स्वतःच “काही नाही, घरीच असते” असे सांगत.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आमच्या मावशीच्या पंधरांपैकी पहिल्या पावसापर्यंत अकरा गावी गेले. बाकी द्यायची राहिलेल्यांपैकी दोघांनी पुढे गावाहून तांदूळ पाठवले, एकाने मनीऑर्डर केली, उरलेल्यांचे काही कळले नाही. उरलेल्या चौघांवर खानावळ चालेना. मग तिने परळच्या एका कचेरीच्या कँटीनला रोज दोनशे पोळ्या देण्याचे काम धरले. पोळ्या सकाळी नऊला न्यायला माणूस येई, म्हणून ती साडेचारला उठू लागली. हाताखाली तिने दोन मुली घेतल्या होत्या, दोघीही संपात नोकरी गेलेल्या घरांतल्या. त्यांना ती दुपारी बाराला घरी सोडी आणि पैसे दर शनिवारी देई.