शंकराचा पट आणि पणाला लागलेला नंदी

दौलताबादचा किल्ला मागे टाकायचा, दिल्ली दरवाजातून घाट चढायचा, खुलताबादवरून वेरूळला उतरायचं आणि थेट 16 क्रमांकाच्या कैलास लेण्यात शिरायचं, हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा ठरलेला रस्ता. 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यापाशी फारसं कुणी रेंगाळत नाही. सहाव्या शतकातल्या या लेण्यात एका भिंतीवर शंकर-पार्वती फासे खेळत बसलेत. खालच्या पट्टीत नंदी आहे आणि त्याला घेरून छेडणारे गण आहेत. वर देवांचा खेळ रंगलाय, खाली बैलाचे हाल चाललेत. हाच प्रसंग 14 क्रमांकाच्या ‘रावण की खाई’त आहे आणि 29 क्रमांकाच्या धुमार लेण्यातही. एकाच डोंगरात तीनदा कोरावासा वाटलेला हा बैल कोण, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: पणाला लागलेला बैल. आणि विदर्भात, आमच्या मराठवाड्यात बैलांच्या शर्यतीला ‘शंकरपट’ म्हणतात, त्याचं मूळ मी इथेच शोधतो.

आधी सरळ अर्थ सांगून टाकतो, नाहीतर जाणकार पहिल्याच परिच्छेदात कागद बाजूला ठेवतील. बैल हे शंकराचं वाहन, म्हणून बैलांच्या शर्यतीला शंकराचं नाव, आणि पट म्हणजे लांबट पट्टा, धावपट्टी. झालं! हिवाळ्यात सुगी आटोपली की महाशिवरात्रीपर्यंत यात्रा-जत्रा असतातच, त्यामुळे महादेवाचं नाव आपसूक चिकटलं असेल. ही व्युत्पत्ती सोपी आहे, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. बैलाच्या कुठल्या खेळाला, कुठल्या सणाला शंकराचं नाव लावता आलं नसतं? पोळ्याला शंकरपोळा कुणी म्हणत नाही. पुण्याकडच्या घाटात, साताऱ्याच्या मैदानात बैल तेच, देवही तोच, नाव मात्र वेगळं. मग ‘पट’ या शब्दापाशीच शंकर का आला?

मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पट म्हटलं की सोंगट्यांचा पट येतो, बुद्धिबळाचा पट येतो. आणि शंकराचा पट म्हटला की पार्वतीबरोबर मांडलेला तो डाव. पुराणातल्या कथेत शंकर एकेक वस्तू हरत जातो: अंगावरचे अलंकार, माथ्यावरची चंद्रकोर, अखेर कौपीनसुद्धा. अशा हरणाऱ्या खेळाडूच्या पायाशी नंदी ओढाताणीत सापडलेला दाखवला, तर शिल्पकाराला आणखी काय म्हणायचं असेल? बैल दुसऱ्याच्या ताब्यात चाललाय. शर्यतीत हरलेली जोडी विकून टाकणारे आणि जिंकलेली जोडी लाखांनी मागणारे गाडामालक ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे फार लांबचं वाटणार नाही.

माझ्या बाजूचा सगळ्यात भारी साक्षीदार मात्र बैलाच्या मानेवर आहे. सोंगट्यांच्या खेळात एका घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचं जुग होतं. जुगाला एकट्या सोंगटीने मारता येत नाही, जुग फुटलं की सोंगटी मेली. हे ‘जुग’ म्हणजे संस्कृतातलं ‘युग’. युग म्हणजे जोडी, आणि युग म्हणजे जूसुद्धा. बैलाच्या खांद्यावरचं जू त्याच युगातून आलं. पटावरची जोडी आणि जुवाखालची जोडी एकाच शब्दाची दोन लेकरं आहेत. पटाच्या मैदानातही माणसं बैल मोजत नाहीत, जोड्या मोजतात.

आता उलट बाजू. अधिक चिन्हासारखा चार हातांचा पट, प्रत्येक हातावर 8 घरांच्या 3 ओळी, असा जो चौसर आपण ओळखतो त्याचे खात्रीचे पुरावे वेरूळच्या शिल्पांपेक्षा कितीतरी नंतरचे, मध्ययुगातले आहेत. सहाव्या शतकातल्या शिवाच्या पुढ्यात आजीच्या पेटीतला सोंगट्यांचा पट अंथरणं हा कालविपर्यास झाला. मान्य. पण शर्यतीला नाव ठेवणारा शेतकरी काही सहाव्या शतकातला असायला हवा असं नाही. त्याच्या घरी चौसर होता, कथेत शंकर होता, गोठ्यात बैल होता. तिन्ही एकत्र यायला एका कीर्तनाची रात्र पुरे!

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. चौसरात सोंगटी आपल्या हाताच्या मधल्या ओळीतून बाहेर पडते, सगळा पट फिरते आणि त्याच मधल्या ओळीने घरी परतते. म्हणजे जाऊन येणं हा त्या खेळाचा प्राण. शंकरपट तर सरळ! जोडी सुटते, समोरची रेघ ओलांडते, संपलं. चौसरासारखी जाऊन परत येणारी शर्यत महाराष्ट्रात आहे, पण ती कोल्हापूर-सांगलीकडे, आणि तिला म्हणतात ‘आरत-परत’. नाव एकीकडे, आकार दुसरीकडे. माझा सिद्धांत इथे लंगडतो, पण बसत नाही. नावं आकारापेक्षा जास्त प्रवास करतात.

आरत-परतीची कुळी मात्र आणखी मागे नेता येते. वाजपेय यज्ञात रथांची शर्यत हा विधीचाच भाग होता. 17 रथ, 17 बाण जातील एवढं अंतर, टोकाला रोवलेली उंबराची फांदी. तिला वळसा घालून परत यज्ञभूमीकडे. कागदावर काढलात तर आजच्या आरत-परतीचा नकाशा तयार. रथाला घोडे होते, बैल नव्हते, असं कुणी म्हणेल. त्याला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 102वं सूक्त दाखवावं. तिथे मुद्गलाचा रथ बैल ओढतोय, जोडीला दुसरा बैल नाही म्हणून लाकडी सोटा जुंपलाय, आणि रथ हाकतेय त्याची बायको मुद्गलानी. ही शर्यत की गाईंसाठीची लढाई, यावर पंडितांचं एकमत नाही. मी शर्यतीच्या पक्षात आहे. लढाईला निघालेला माणूस बैलाच्या जोडीला सोटा जुंपून जात नाही; असला अचाट उद्योग पैजेपोटीच होतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात आजही बाया जोड्या हाकतात, त्यांना ही आजेसासू कुणीतरी सांगायला हवी.

मैदानांचे बाकीचे प्रकार थोडक्यात. आधी पुण्याकडचा तो घाट: खेड, आंबेगाव, जुन्नर. चढाची धाव, गाड्याला चार बैल, गाड्यावर माणूस नाही, पुढे घोडी. निशाण पडलं की बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटते, भंडारा उधळतो, निवेदकाचा ‘भिर्रर्र’ घुमतो आणि 11-12 सेकंदांत निकाल लागतो. एका वेळी एकच गाडा, लढत घड्याळाशी. दिवसभरात सगळ्यात कमी सेकंदांची बारी ती घाटाचा राजा. इथला चढ मला फार शहाणा वाटतो. कासरा ओढायला माणूसच नाही तर चार बैल थांबवणार कोण? चढच थांबवतो. साताऱ्याकडे याच्या उलट: सपाट मैदान, नांगराने आखल्यासारख्या समांतर चाकोऱ्या, चिठ्ठीने ठरलेला चाकोरीचा क्रमांक, छकडीवर हाकणारा, आणि शेजारी-शेजारी पळणाऱ्या गाड्या. गट, सेमीफायनल, फायनल. तिथे घड्याळ लागत नाही, डोळे लागतात.

गोल मैदान मात्र यात कुठेच नाही. मोटारींचं उलटं झालं. सुरुवातीच्या मोटारशर्यती गावाहून गावाला, उघड्या रस्त्यावर होत. 1903 साली पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतकी माणसं मेली की फ्रेंच सरकारने ती बोर्दोलाच थांबवली. मग बंदिस्त फेरी आली, आणि 1907 साली इंग्लंडात ब्रुकलँड्सला पावणेतीन मैलांची काँक्रीटची धावपट्टी उभी राहिली. तिथले नियम घोड्यांच्या शर्यतीवरून उचललेले होते. पहिल्या दिवसांत चालकांनी जॉकीसारखे रंगीत अंगरखेसुद्धा घातले. तिकीट लावून एका जागी बसवलेल्या प्रेक्षकाला गाडी पुन्हा पुन्हा दिसायला हवी, म्हणून फेरी. आमच्याकडे कडेच्या टेकाडावर बसून फुकट बघणाऱ्याला एक बारी पुरते, कारण पाठोपाठ दुसरी येतेच.

बैलांच्या पटाला वर्तुळाने गाठलं ते भलत्याच वाटेने. ते वर्तुळ सर्कशीचं. मूळ रोमन सर्कस म्हणजे रथांच्या शर्यतीचं मैदान, हे सगळ्यांना माहीत आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती सुरू केल्या आणि पुढे अशा खेळांना सर्कस हेच नाव पडलं. आपल्याकडे सर्कस उभी केली विष्णुपंत छत्र्यांनी, आणि तेही मुळात घोडे शिकवणारे. पुढे रिंगणात वाघ, अस्वलं आली. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 22खाली 1998 साली केंद्राने खेळात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांची यादी काढली: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह. सगळी सर्कशीची आणि दरवेशाची मंडळी. 11 जुलै 2011ला या यादीत आणखी एक नाव आलं, बैल. एवढ्या एका शब्दाने शंकरपट आणि घाट थंडावले. रोमच्या मैदानाचं नाव घेतलेल्या सर्कशीसाठी लिहिलेली यादी विदर्भातल्या मैदानावर येऊन पडली!

पुढचं वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचलंय. 7 मे 2014ला सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केलं, 2017 साली महाराष्ट्राने कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. 2014च्या निकालातला एक मुद्दा मला कायम छळतो: बैल घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही. शरीररचनेचं शास्त्र मी न्यायालयाला शिकवणार नाही. पण मुद्गलानीचा बैल आणि आजचा घाट यांच्यामध्ये बैल धावतच आलाय, हेही शास्त्राने विचारात घ्यावं. त्याच निकालात बैलांच्या छळाचं जे वर्णन आहे, शेपट्या पिरगाळणं वगैरे, ते मात्र मी नाकारत नाही. ज्याला नाकारायचं असेल त्याने वेरूळच्या त्या खालच्या पट्टीतले गण बघावेत. आता नियमाने चाबूक आणि विजेचा झटका बंद आहे, धाव 1000 मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. उशिरा आलेलं शहाणपण, पण शहाणपणच.

उसनवारी मात्र थांबलेली नाही. ‘हिंदकेसरी’ ही पदवी कुस्तीच्या आखाड्यातून बैलांच्या मैदानात आली. मे 2022मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत भरलेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी. ज्या यंत्रांनी बैलाला शेतातून हुसकलं त्यांच्यासाठीच आता बैल धावतो. शंकराने पणाला बैल लावला होता, आम्ही बैलापुढे यंत्र लावतो. या उलथापालथीवर हळहळणारे बरेच आहेत. मला विचाराल तर खिलारी खोंड सांभाळायला शेतकऱ्याला एखादं कारण उरलंय, हे बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठं आहे.

माझी व्युत्पत्ती पटली नाही तर सोडून द्या. पण तुमच्या गावी पट भरत असेल, तर मैदानाची लांबी, आखणीची पद्धत, सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या जागेला म्हातारी माणसं काय म्हणतात ते शब्द, बंदीआधी शर्यत कुठे भरायची ती जागा, हे सगळं वहीत उतरवून ठेवा. 2011 ते 2021 या दहा वर्षांत पुष्कळ मैदानं नांगरली गेली, आणि ती आखणाऱ्यांनी कागदावर काही ठेवलेलं नाही.